तिसरा कौल

आमच्या सिंधुदुर्गात देवळांतून कौल लावण्याची पद्धत अजून चालू आहे. देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या किंवा भिजवलेले तांदूळ चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवा कौल पडला तर काम होणार, डावा पडला तर नाही. पण गावच्या जाणत्या मंडळींना तिसरी शक्यताही ठाऊक असते. कधी कधी कुठलाच कौल पडत नाही. अशा वेळी कुणी देवाला खोटं म्हणत नाही की गुरवाला धारेवर धरत नाही. प्रश्न पुन्हा नीट मांडतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून उठतात.

कौलावर कुणाचा विश्वास असो वा नसो, या तिसऱ्या उत्तराशी वागण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटते. कारण आपले आजचे बरेचसे कौल प्रयोगशाळेच्या लिफाफ्यातून येतात आणि तिथे मात्र आपल्याला उजवा किंवा डावा एवढंच हवं असतं. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे शब्द आता शाळेतल्या पोरालाही कळतात. पण त्याच कागदावर ‘बॉर्डरलाइन’, ‘इक्विव्होकल’, ‘वीकली रिअ‍ॅक्टिव्ह’, ‘इनकन्क्लुझिव्ह’, ‘दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा’ असं काही छापून आलं की घरातल्या माणसांचा धीर सुटतो. कुणी म्हणतं, लॅब बोगस आहे. कुणी म्हणतं, डॉक्टर काहीतरी लपवतोय.

माझी उभी नोकरी बँकेत गेली. आता निवृत्त होऊन मालवणात राहतो, थोडंफार लिहितो. पण आमच्या भागात एक समज पक्का आहे की बँकेतल्या साहेबाला इंग्रजी कागद वाचता येतो. त्यामुळे जुने खातेदार अजूनही कागद घेऊन येतात. पूर्वी कर्जाच्या नोटिसा आणत, आता रक्ताचे रिपोर्ट आणतात. मी डॉक्टर नव्हे. कागदावर काय लिहिलंय ते वाचून दाखवतो आणि डॉक्टरला काय विचारायचं ते एका चिठ्ठीवर लिहून देतो. या वाचनातून जे काही शिकलो, त्यातलं बरंचसं मला २०१६ च्या माकडतापाने शिकवलं.

मालवण समुद्राकाठी. माकडताप आला तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, दोडामार्ग तालुक्यात. २०१६ च्या जानेवारीत केर गावाच्या आसपास रानात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसं तापाने फणफणू लागली. शेजारच्या गोव्यात सत्तरी तालुक्यात हा रोग आदल्याच वर्षी दिसला होता. २०१७ साली तो सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात पोहोचला. गोचिडीच्या चाव्यातून हा विषाणू अंगात शिरतो. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि पाचोळ्यात दबा धरून बसतात. त्यांची पिल्लं तर तिळाएवढीही नसतात. आणि साथीचा हंगाम कोणता, तर डिसेंबरपासून मेपर्यंतचा. म्हणजे काजूचा, लाकूडफाट्याचा, पातेरा गोळा करण्याचा. ज्या दिवसांत वर्षाची कमाई करायची, नेमके तेच दिवस.

त्या मार्चमध्ये दोडामार्गाकडचे एक जुने खातेदार माझ्याकडे आले. त्यांचा काजूचा बाग आहे. ताप उतरला होता, पण माणूस निम्मा झाला होता. त्यांच्या पिशवीत तीन कागद होते. पहिला एका खाजगी लॅबचा, तापाच्या तिसऱ्या दिवसाचा. त्यात प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशी कमी आणि डेंग्यूच्या रकान्यात ‘इक्विव्होकल’. दुसरा सरकारी तपासणीचा. तापाच्या अकराव्या दिवशी काढलेल्या रक्तात माकडतापाचा विषाणू सापडला नाही, म्हणजे निगेटिव्ह. तिसरा त्याच रक्ताचा, चार दिवसांनी आलेला. त्यात माकडताप पॉझिटिव्ह.

“साहेब, कालचो रिपोर्ट नाय म्हणता, आजचो होय म्हणता. रगात तर एकदाच काढलेला. मगे खोटा कोण बोलता?”

प्रश्न अगदी सरळ होता. आणि मधल्या चार दिवसांत एक गोष्ट घडून गेली होती. निगेटिव्ह आलं म्हटल्यावर त्यांच्या घरची माणसं निर्धास्त होऊन पुन्हा त्याच बागेत, त्याच पातेऱ्यात काजू वेचायला गेली होती. रिपोर्टातला एक शब्द चुकीचा समजला की काय होऊ शकतं, ते मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसलं.

खरं तर खोटं कुणीच बोलत नव्हतं. दोन तपासण्यांनी दोन वेगळे प्रश्न विचारले होते. पहिली तपासणी पीसीआरची. ती विचारते, विषाणू आत्ता या रक्तात आहे का? दुसरी एलायझाची. ती विचारते, या शरीराने त्या विषाणूशी लढायला शस्त्रं घडवली आहेत का? या शस्त्रांना प्रतिपिंडं म्हणतात आणि त्यांतली सर्वांत आधी घडणारी ती आयजीएम. चोर घरात असेपर्यंत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘होय’ येतं. तो निघून गेल्यावर घरभर पोलीस दिसतात, चोर दिसत नाही. माकडतापात विषाणू सापडण्याची शक्यता पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त, मग ती उतरत जाते. आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं आणि पुढे तीनेक महिने टिकतं. अकराव्या दिवशी चोर निघून गेला होता, पोलीस हजर होते. दोन्ही रिपोर्ट खरे होते.

त्या साथीचे आकडे पुढे संशोधकांनी प्रसिद्ध केले. बँकेतल्या माणसाला आकड्यांचं वेड असतं, म्हणून ते मी पुन्हा पुन्हा वाचले. जानेवारी ते मे २०१६ या पाच महिन्यांत ४८८ संशयित रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १३० जणांचा माकडताप प्रयोगशाळेत सिद्ध झाला. लागणीचं प्रमाण जास्त होतं ते ४० ते ५९ या वयाच्या, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसांत. तिघे दगावले. आता बेरीज पाहा. पीसीआरने पॉझिटिव्ह ठरले ५४, आयजीएमने १०३. दोन्ही मिळून होतात १५७, पण रुग्ण तर १३०. म्हणजे दोन्ही तपासण्यांत सापडले ते फक्त २७. नुसत्या पीसीआरवर विसंबलं असतं तर ७६ माणसं ‘निगेटिव्ह’चा कागद घेऊन घरी गेली असती. नुसत्या आयजीएमवर विसंबलं असतं तरी २७ जण सुटले असते. एकेकटी तपासणी कितीही चांगली असली तरी अपुरी पडते, याचा याहून स्वच्छ ताळेबंद मी पाहिलेला नाही.

या रोगाचा जन्मच मुळी संदिग्ध उत्तरातून झाला आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं आणि माणसं मरू लागली, तेव्हा पहिला संशय पीतज्वराचा होता. पीतज्वर आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला. तो आशियात उतरला असेल या कल्पनेनेच सगळ्यांची झोप उडाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नमुने तपासले, तेव्हा त्यांची जवळीक निघाली ती थेट रशियातल्या, गोचिडीमुळेच होणाऱ्या एका मेंदूज्वराशी. पण तंतोतंत जुळेना. मलनाडच्या रानात सैबेरियाकडचा रोग कसा येईल? त्यांनी घाईने कुठल्याच नावाचा शिक्का मारला नाही. पुन्हा पुन्हा तपासत राहिले आणि मग हा नवाच विषाणू असल्याचं ठरलं. त्या रानाचंच नाव त्याला मिळालं. १९५२ साली सुरू झालेलं हे केंद्र म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. आपल्या दोडामार्गाचे नमुने गेले ते तिथेच.

डेंग्यूच्या रकान्यात ‘इक्विव्होकल’ का आलं असावं, त्याचाही उलगडा इथे होतो. डेंग्यू, पीतज्वर, जपानी मेंदूज्वर, झिका आणि माकडताप हे सगळे विषाणू एकाच कुळातले. भावकीत चेहरेपट्टी मिळतीजुळती असते. एकाला ओळखायला शिकलेली प्रतिपिंडं कधी कधी दुसऱ्यालाही सलाम ठोकतात. शिवाय माकडतापातही प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, जशा त्या डेंग्यूत उतरतात. एखाद्याला पाच वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल, तर त्या जुन्या लढाईतली आयजीजी नावाची प्रतिपिंडंही रक्तात फिरत असतात. म्हणूनच झटपट कार्डावरच्या फिक्या रेघेवर सरकारी यंत्रणा थांबत नाही. एलायझाने खात्री करून घेतल्याशिवाय डेंग्यूची पक्की नोंद होत नाही.

ही फिकी रेघ म्हणजे तरी काय? एलायझात रक्तातला पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, एका वाटीत घालतात. प्रतिपिंडं असतील तर शेवटी रंग चढतो आणि यंत्र तो रंग मोजतं. म्हणजे यंत्राचं खरं उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ नसतंच, तो एक आकडा असतो. कुठल्या आकड्याच्या वर होय म्हणायचं, ती रेघ माणसांनी आखलेली असते. रेघ खाली ओढली तर निरोगी माणसं सापळ्यात अडकतात, वर ओढली तर रुग्ण निसटतात. आकडा त्या रेघेच्या अगदी आसपास घुटमळला की प्रामाणिक लॅब ‘इक्विव्होकल’ लिहिते. आमच्या बँकेत यासाठी उचंत खातं असे. एखाद्या रकमेचा कागद सापडत नसेल तर ती नफ्यात टाकायची नाही, तोट्यातही टाकायची नाही, उचंतात ठेवायची. मात्र तारीख घालून. उचंतात किती दिवस पडून आहे, हे तपासनीस आल्या आल्या विचारत असे. ‘इक्विव्होकल’ रिपोर्टही तसाच तारीख घालून ठेवायचा असतो. दहा-चौदा दिवसांनी दुसरं रक्त तपासलं आणि प्रतिपिंडं चौपट झालेली दिसली तर रोग ताजा होता. जिथल्या तिथे राहिली तर ती जुन्या आजाराची खूण किंवा नुसतीच झुळूक होती.

पीसीआरचा हिशेब वेगळा. तो दामदुपटीचा. विषाणूच्या जनुकाचा तुकडा यंत्रात प्रत्येक फेरीला दुप्पट होत जातो. दहा फेऱ्यांत एकाचे हजार, वीस फेऱ्यांत दहा लाख. किती फेऱ्यांनंतर तो यंत्राला दिसला, त्या आकड्याला सीटी व्हॅल्यू म्हणतात. कोविडच्या काळात हा आकडा घराघरांत पोचला. पंचविसाव्या फेरीला दिसणारा आणि पस्तिसाव्या फेरीला दिसणारा, यांच्या मूळ भांडवलात सुमारे हजारपटीचं अंतर असतं. पस्तिसाव्या फेरीला दिसलेला अंश म्हणजे नुकती सुरुवात असेल, संपत आलेला आजार असेल किंवा नाकातून बोळा नीट फिरवलाच नसेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात ही मर्यादा २४ वर आणावी का, अशी चर्चा निघाली होती. आयसीएमआरने ती मानली नाही. चोविसावर रेघ ओढली तर संसर्ग पसरवू शकणारे पुष्कळ रुग्ण निसटतील, म्हणून ३५ पर्यंत पॉझिटिव्हच धरा, असं तिने सांगितलं. त्याआधी २०२० साली चाकरमानी मुंबईहून गावी परतले, शाळांतून विलगीकरणात राहिले, तेव्हा सुरुवातीला त्यांचे नमुने जिल्ह्याबाहेर जात आणि उत्तराची वाट पाहण्यात दिवस जात. ओरोसला प्रयोगशाळा झाली ती त्यानंतर. पण जवळ लॅब झाली म्हणून संदिग्ध उत्तरं येणं थांबलं नाही. ती लवकर येऊ लागली, इतकंच.

आता एक हिशेब, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. समजा, एक तपासणी शंभर रुग्णांतले ९५ पकडते आणि शंभर निरोगी माणसांतल्या दोघांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. साथ चालू असलेल्या गावात तापाच्या हजार माणसांना ती लावली आणि त्यांतले २०० खरोखर बाधित असले, तर १९० सापडतील आणि उरलेल्या ८०० निरोग्यांतले १६ उगाच अडकतील. म्हणजे २०६ पॉझिटिव्हांत खोटे फक्त १६. आता हीच तपासणी हजार धडधाकट माणसांना लावा, ज्यांत बाधित दोघेच आहेत. दोघेही सापडतील, पण ९९८ निरोग्यांतले वीसेक उगाच अडकतील. पॉझिटिव्ह २२, त्यांत २० खोटे! तपासणी तीच, लॅब तीच, शब्दही तोच. बदललं ते फक्त कुणाला आणि कुठे विचारलं, हे. म्हणूनच केरमध्ये मार्चात आलेला ‘निगेटिव्ह’ आणि मालवणात पावसाळ्यात आलेला ‘निगेटिव्ह’ एकाच नजरेने वाचता येत नाहीत.

धडधाकट माणसाला अडकवणारा असा कागद काय करू शकतो, तेही पाहिलं आहे. वीसेक वर्षांपूर्वी किनाऱ्यावरचा एक तरुण आखातात नोकरीला निघाला होता. एजंटाला द्यायचे पैसे आईच्या पाटल्या तारण ठेवून उभे केलेले. त्या सोनेतारणाचा कागद माझ्याच टेबलावरून गेला होता. वैद्यकीय तपासणीत कावीळ-बचा रकाना ‘वीकली रिअ‍ॅक्टिव्ह’ आला आणि तपासणाऱ्यांनी ‘अनफिट’चा शिक्का मारला. बातमी गावात त्याच्याआधी पोचली. ठरलेली सोयरीक मोडली. कुणीही त्याला एक साधा प्रश्न विचारला नव्हता : लस कधी घेतलीस? परदेशी जायचं म्हणून त्याने आठवड्यापूर्वीच कावीळ-बची लस टोचून घेतली होती. ही लस त्या विषाणूच्या बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनापासूनच बनते. त्यामुळे टोचल्यावर काही दिवस तेच प्रथिन रक्तात सापडू शकतं. दीड महिन्याने पुन्हा तपासलं तेव्हा रक्त स्वच्छ होतं. पण नोकरीची जागा भरली गेली होती आणि मुलीचं लग्न दुसरीकडे ठरलं होतं.

एचआयव्हीच्या बाबतीत आपल्या देशाने हा धडा बऱ्यापैकी गिरवला आहे. तिथे लक्षणं नसलेल्या माणसाला एका तपासणीवर कुणी पॉझिटिव्ह म्हणत नाही. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्या जुळाव्या लागतात. त्या जुळल्या नाहीत तर निकाल अनिर्णित ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. तपासणीआधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. २०१७ चा कायदा तर माणसाच्या संमतीचं आणि गुप्ततेचं रक्षण करतो. मला वाटतं, इथली खरी शिकवण केवळ वैद्यकीय नाही, ती सामाजिक आहे. अनिर्णित निकाल हा त्या माणसाचा खाजगी ऐवज आहे. तो दुकानाच्या फळीवर चघळायचा नसतो.

उलट बाजूही तितकीच खरी. संदिग्ध रिपोर्ट म्हणजे काही झालेलं नाही, असं समजून स्वस्थ बसणं घातक ठरतं. माकडतापात काहींचा ताप उतरतो, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि मग तो पुन्हा उलटतो. या वेळी डोकं भयंकर दुखतं, मान ताठते, हात थरथरतात. या रोगावर नेमकं औषध नाही. पाणी, विश्रांती आणि रक्तस्रावावर डोळ्यांत तेल घालून लक्ष, हाच उपचार, आणि तो रिपोर्टाची वाट पाहत थांबवायचा नसतो. नाकातोंडातून रक्त येत असेल, माणूस गुंगीत जात असेल, तर खिशातला ‘निगेटिव्ह’चा कागद बाजूला ठेवून इस्पितळ गाठावं. डॉक्टर रोग्याकडे पाहून उपचार करतात. कागद त्यांच्या मदतीला असतो, त्यांच्या जागेवर नसतो.

माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांना मी चिठ्ठीवर चार प्रश्न लिहून देतो. ही तपासणी विषाणू शोधणारी होती की प्रतिपिंडं? रक्त काढलं तो आजाराचा कितवा दिवस होता? या निकालावर आज काही करायचं आहे का? आणि पुन्हा तपासायचं असेल तर कोणत्या तारखेला? सोबत दोन गोष्टी डॉक्टरला न विचारताच सांगायच्या. एक, गेल्या काही दिवसांत कुठे गेलो होतो, रानात की गोठ्यात की मुंबईला. दुसरी, अलीकडे कोणती लस घेतली.

या चारांतला दुसरा प्रश्न सगळ्यांत सोपा, आणि त्याचंच उत्तर बहुतेकांना देता येत नाही. “झाले असतीत आठ-धा दिस,” असं म्हणतात. आठ की दहा, यावर पीसीआर करायची की आयजीएम पाहायचं हे ठरतं. आपल्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतं. दूध कधी नव्हतं, गॅसचा सिलिंडर कधी लावला, मोलकरीण किती दिवस आली नाही, सगळं त्याच्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घरात कुणाला ताप भरला की त्या दिवसाच्या चौकोनात माणसाचं नाव आणि ‘ताप’ एवढे दोनच शब्द लिहून ठेवा. दवाखान्यात निघताना ते पान आठवणीने पाहून जा.